क्यूआर कोड कुणाच्या नावावर आहे?

आलेलं पत्र, थोडं कापून:

"ताई, आम्ही कराडचे. माझी आई अठरा वर्षं घरी कांदा-लसूण मसाला करते. आधी गल्लीत द्यायची, मग नातेवाईक, मग पुण्या-मुंबईचे लोक मागवायला लागले. गेल्या सीझनला ६०० किलो गेला, ६४० रुपये किलोनं. आईच्या वहीप्रमाणे खर्च २ लाख ५२ हजार, म्हणजे १ लाख ३२ हजार नफा. मी पुण्यात आयटीत आहे, मागच्या वर्षी इन्स्टावर पेज काढलं तर बेंगळुरू आणि गोव्यातूनही ऑर्डर आल्या. आता एक सुपरमार्केटवाले महिन्याला ५०० किलो मागतायत, त्यांना ३० टक्के मार्जिन आणि ४५ दिवसांची उधारी पाहिजे. मी नोकरी सोडून आमचा ब्रँड उभा करायचा म्हणतेय, लोगोसुद्धा तयार आहे. पण आई म्हणते 'मला न्हाई जमायचं, माझ्या हातचंच जायला पाहिजे'. वहिनी तिला मदत करते, बाबा एसटीतून रिटायर झालेत, ते आणि दादा मिरची आणतात, पैसे दादाच्या फोनवर येतात. आईला कसं पटवू?"

अगं, आधी तुझं कौतुक करते कारण तू वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस. बहुतेक पत्रांत नुसती स्वप्नं येतात, हिशोब येत नाही. मी ती पानं दोनदा वाचली. मिरची आहे, धने आहेत, खोबरं, तेल, लसूण, खडा मसाला, डंकाची कुटाई, पिशव्या, सगळं आहे, आईचं अक्षरही काय सुरेख आहे. एकच माणूस त्या वहीत कुठंच नाही, आणि ती वही लिहिणारीच.

तू म्हणतेस फेब्रुवारी ते मे आई पहाटे उठून संध्याकाळपर्यंत मसाल्यातच असते. धरूया ९० दिवस, दिवसाला नऊ तास, झाले ८१०. नंतरचे आठ महिने ती रोज दोनेक तास पुड्या भरणं, फोन घेणं, पार्सल बांधणं करते, ते झाले ४८०. वहिनीचे वर्षाला ४०० तास धर, मला वाटतं जास्तच असतील. एकूण १,६९० तास. आता समज तुम्ही बाहेरची बाई कामाला लावली आणि तासाला फक्त ६० रुपये दिले, तरी झाले १ लाख १ हजार ४००. घरचा गॅस, लाइट, मिक्सर, गच्ची याचे १५ हजार धर. बाबांच्या गाडीचं पेट्रोल, फोन, फुटलेल्या पिशव्या, परत आलेली पार्सलं याचे १२ हजार. हे सगळं त्या १ लाख ३२ हजारांतून वजा कर बघू.

३,६०० रुपये उरतात. सहाशे किलोवर. म्हणजे किलोला सहा रुपये.

म्हणजे ज्याला घरात सगळे नफा म्हणतात तो आईचा आणि वहिनीचा पगार आहे, तोही त्यांच्या हातात न पडलेला. मी रागावून लिहीत नाहीये, आमच्याकडेही हेच झालेलं, ते पुढे सांगते, पण कंपनी वगैरे काय ते ठरवायच्या आधी हा आकडा घरात सगळ्यांनी बसून बघायला पाहिजे. तुमचा खरा खर्च किलोला ४२० नाही, ६३४ आहे.

आता तुझं सुपरमार्केट घे. ३० टक्के मार्जिन त्यांना दिलं की तुमच्या हातात ४४८ येतात. खर्च ६३४. किलोला १८६ रुपये खिशातून. महिन्याला ५०० किलो म्हणजे ९३ हजार रुपये तू दर महिन्याला खिशातून घालणार. आईची मजुरी धरली नाही तर वहीत हे नुकसान दिसतच नाही, उलट किलोला २८ रुपये नफा दिसतो, आणि घरोघरचे धंदे याच २८ रुपयांच्या भरवशावर मोठे व्हायला जातात आणि मग बाई आजारी पडली की कळतं की अरे, हिच्या जागी दोन माणसं ठेवली तर धंदाच उरत नाही.

उधारीचं बघ. ४५ दिवस म्हणजे कायम ७५० किलो माल त्यांच्याकडे पैसे न देता पडलेला. ७५० गुणिले ४४८, ३ लाख ३६ हजार. तुमची गेल्या वर्षीची अख्खी विक्री ३ लाख ८४ हजार होती. कळतंय ना? आणि मिरची काही दर महिन्याला ताजी येत नाही, नवीन मिरची जानेवारीपासून बाजारात येते आणि घेणाऱ्यानं एप्रिलपर्यंत घेऊन ठेवायची असते, पुढे एक तर भाव चढतो नाहीतर पावसाळी हवेनं माल मऊ पडतो. महिन्याला ५०० म्हणजे वर्षाला ६,००० किलो मसाला, त्यात निम्म्याच्या वर मिरची, ३,३०० किलो तरी धर. अडीचशे रुपये किलो धरली तर सव्वाआठ लाखांची नुसती मिरची, तीही तीन महिन्यांत, रोख, कारण बेडगीच्या बाजारातला अडत्या तुझ्या इन्स्टाच्या फॉलोअर्सवर उधार देत नाही. आणि ती ठेवणार कुठं? गच्चीवरच्या खोलीत?

तर सुपरमार्केटला नम्रपणे नाही कळव. कायमचं नाही म्हणायची गरज नाही, "या सीझनला जमत नाही" इतकंच. आणि आईला पटवायचं तर अजिबात नाही. तुझ्या पत्रात "आमचा ब्रँड" येतं, लोगो येतो, आईला काय पाहिजे हे एकदाही येत नाही. "मला न्हाई जमायचं" याचा अर्थ तू "आई जुन्या विचारांची" असा लावलास. मला तो असा ऐकू येतो की तिनं ५०० किलो ऐकलं आणि मनातल्या मनात मिरचीचे देठ खुडायला घेतले. तिला माहितीये ते किती तासांचं काम आहे, तुला नाही.

आमची गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई भाजणी आणि मेतकूट करायच्या, एकदम नावाजलेलं. अकरा वर्षांपूर्वी मीच, अगदी तुझ्यासारखी, पुण्यातल्या एका दुकानाशी बोलून ३०० पाकिटं उधारीवर दिली. घाई इतकी की गिरणीतून दळून आलेलं गरम पीठ नीट गार न करताच पाकिटांत भरून सील केलं. आत वाफ धरली, वर पावसाळा, दीड महिन्यात १८० पाकिटं परत. वास यायला लागलेला, काहींत किडे. दुकानदाराची चूक नव्हती, आमची होती, म्हणजे माझी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या एकेक पाकीट कात्रीनं कापून बादलीत ओतत बसल्या होत्या. आणि त्या नुकसानीचा हिशोब करायला बसले तेव्हा मला कळलं की धान्य, गिरणी, पाकीट सोडून मी काहीच धरलं नव्हतं, त्यांनी तीन आठवडे उभं राहून भाजलं ते कशातच नव्हतं, म्हणजे नुकसानीतही नाही. ते आजही टोचतं.

बरं, आता करायचं काय. कारण मी तुला "राहू दे" म्हणत नाहीये. तुमचा मसाला वाढू शकतो, अठरा वर्षं लोक परत येतात म्हणजे माल चांगलाच आहे.

पहिलं काम या आठवड्यातलं. आईच्या नावावर चालू खातं काढ आणि क्यूआर कोड त्या खात्याचा लाव. दादाच्या फोनवर पैसे येतात याचा अर्थ दादा वाईट आहे असा नाही, तो बिचारा सोय म्हणून करत असेल, पण धंद्याचे पैसे घरखर्चात मिसळले की धंदा कधीच दिसत नाही. त्या खात्यातून दर महिन्याला आईला आणि वहिनीला ठरलेला पगार त्यांच्या स्वतःच्या बचत खात्यात जाऊ दे. वहिनीलासुद्धा, हे विसरू नकोस, कारण तू पुण्यात बसून रील टाकणार आणि ती उन्हात मिरची परतणार आणि उद्या कंपनीत नाव तुझं, मग त्या घरात मसाल्यापेक्षा जास्त ठसका उडेल.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आईच्याच नावानं कर. सरकारी पोर्टलवर, आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. "उद्यम काढून देतो, दीड हजार द्या" म्हणणारे भेटतील, सरकारी पोर्टलसारख्याच दिसणाऱ्या खोट्या वेबसाइटीही आहेत, तिकडे जाऊ नकोस. या नोंदणीचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्यानं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याज मागता येतं, सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. तुझ्या सुपरमार्केटवाल्यांनी ४५ चा आकडा उगाच सांगितलेला नाही. पुढे कधी मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलशील तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

अन्न परवान्याचं तू काहीच लिहिलं नाहीस म्हणून मला शंका आहे की तो नाही. असेल तर उत्तमच. नसेल तर आधी ते, लोगो नंतर. घरून करणाऱ्यांनाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज होतो. छोट्यांसाठी साधी नोंदणी, त्यावर गेलं की राज्याचं लायसन्स. बरीच वर्षं ही रेघ वार्षिक १२ लाखांची उलाढाल आणि फी वर्षाला १०० रुपये अशी होती, पण अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरचा चालू आकडा बघून घे. १४ आकडी नंबर मिळतो, तो पुडीवर छापायचा.

जीएसटीत मात्र तू आत्ताच अडकलेली असू शकतेस. लोक म्हणतात मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली की जीएसटी नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकलं तर बरोबर आहे. पण बेंगळुरूला आणि गोव्याला पाठवलेली पुडी ही दुसऱ्या राज्यातली विक्री झाली, आणि करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. एक टक्क्याची कंपोझिशन स्कीम, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सोपी करपद्धत, घेऊ म्हणशील तर तिच्यात राज्याबाहेर विकताच येत नाही. मसाल्यावर पाच टक्के आहे, फार नाही, पण दर महिन्याची किंवा तिमाहीची रिटर्न भरणं आलं, सीएची फी आली. म्हणून यावर्षीपुरतं ठरव, एक तर राज्याबाहेरच्या ऑर्डर बंद ठेव किंवा सरळ नोंदणी कर. मी तुझ्या जागी असते तर नोंदणी केली असती, कराडच्या सीएला एकदा भेटून. मधल्या मध्ये "कोण बघतंय" असं नको.

पुडीवर काय छापायचं त्याची यादी सीए नाही देणार, म्हणून सांगते. नाव, घटक, शाकाहारीचं हिरवं चिन्ह, निव्वळ वजन, सगळे कर धरून एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, बॅच नंबर, किती काळ चांगला राहतो, पत्ता, तक्रारीसाठी फोन, पोषणमूल्यं. ज्या काट्यावर पुड्या भरता त्याला वैध मापन खात्याचा शिक्का लागतो, इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यायचा, आणि पॅकबंद माल भरणारा म्हणून त्यांच्याकडे नोंदणीही करायची. आणि "बारा महिने टिकतो" हे दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवू नकोस! कांदा-लसणाच्या मसाल्यात तेल आहे, खोबरं आहे, कांद्याचा ओलावा जरा राहिला तरी खेळ संपला. प्रत्येक लॉटची एकेक पुडी तारीख टाकून कपाटात ठेव, दर महिन्याला एक उघडून आईला वास घ्यायला दे, रंग बघ, आणि एखादा नमुना मान्यताप्राप्त लॅबमधून तपासून घे. खोबरं खवट व्हायला लागलं की आईला ते आधी कळेल, लॅबचा रिपोर्ट नंतर येईल, पण कागद लॅबचाच चालतो.

आता खरा मुद्दा, चव. "माझ्या हातचंच जायला पाहिजे" हे आईचं म्हणणं तू अडथळा समजतेस, मी त्याला धंद्याचा गाभा म्हणेन. फक्त हात म्हणजे नक्की कुठला हात ते शोधावं लागेल. देठ खुडणं, धने निवडणं, कांदा चिरून वाळवणं, लसूण सोलणं, पुड्या भरणं, यात आईचा हात कशाला लागतो? तिचा हात लागतो तो मिरची निवडताना (बेडगीतली डब्बी किती, कड्डी किती, तिखटासाठी संकेश्वरी की लवंगी), कांदा कुठल्या रंगावर उतरवायचा तिथं, आणि खड्या मसाल्याच्या प्रमाणात. तेवढं तिच्याकडे ठेवा. बाकीचं सगळं पगारी माणसांकडे.

लिज्जतचं उदाहरण सगळे देतात, सात बायका, गिरगावातली गच्ची, १५ मार्च १९५९, उसने ८० रुपये, पुढे जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री. ऐकून आपल्याला भरून येतं आणि आपण पुढे जातो. मला त्यातली शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. तिथं पीठ केंद्रावर मळलं जातं आणि भगिनी ते घरी नेऊन लाटतात, लाटलेले पापड आणून देतात आणि लाटण्याचे पैसे घेतात. चव पिठात आहे, म्हणून पीठ एका जागी. लाटणं हे हातांचं काम, ते हजारो हातांत वाटता येतं. तुमच्या मसाल्यातलं पीठ कुठलं ते आईला विचार. मला विचारशील तर खडा मसाल्याचं मिश्रण आणि मिरचीचा मेळ. ते मिश्रण आई एकटी खोलीत बसून भाजेल, मोजेल, डबे भरून ठेवेल, बाहेरच्या बायकांना तयार डबा मिळेल, प्रमाण मिळणार नाही. तू लिहिलंस की आई प्रमाण सांगत नाही, "अंदाजानं" म्हणते. ती लपवत नाही गं, तिला ग्रॅममध्ये माहीतच नाही, हाताला माहितीये. म्हणून विचारायचं नाही, मोजायचं. एक रविवार जा, प्रत्येक पातेल्याखाली काटा ठेव, ती मूठ टाकेल त्याच्या आधीचं आणि नंतरचं वजन लिही, मध्ये बोलू नकोस, "नक्की किती?" असं तर अजिबात विचारू नकोस. कांद्याचा ओला किती, वाळून किती, तळून किती. कांद्याच्या रंगाचा फोटो दर वेळी त्याच खिडकीच्या उजेडात काढ. तीन लॉट असे मोजलेस की सरासरी निघेल आणि ती आईपेक्षा थोडी चुकेलच, कारण मिरची दर वर्षी तशीच नसते, यंदाची बेडगी रंगाला फिकी निघाली तर आई काय करते ते काट्यावर येत नाही. म्हणून प्रत्येक नवीन मिरचीचा आधी पाव किलोचा नमुना करायचा, आईनं भाकरीबरोबर खाऊन पास केला तरच पुढचा लॉट. यालाच मोठ्या कंपनीत क्वालिटी म्हणतात आणि त्याचा पगार असतो, तो आईला द्या.

मिरचीच्या देठात आणि उन्हात किती वजन जातं तेही याच वेळी मोज. शंभर किलोचे पैसे देता आणि शंभर किलो डंकावर जात नाही, पण वहीत तो फरक कुठंच नाही. डंकवाल्याकडे पहिला नंबर लावा, सकाळचा, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला तुमच्यात येणार नाही. आणि डंकच ठेवा, जोरात फिरणाऱ्या मशीनमध्ये मसाला तापतो आणि वास उडतो.

यंदाचा प्लॅन मी असा केला असता. ६०० चे १,२०० किलो, त्याच्या वर एक किलो नाही. भाव ७६०. दचकू नकोस. ७६० मध्ये पाच टक्के जीएसटी आत धरला तर साधारण ३६ रुपये जातात, उरले ७२४, खर्च ६३४, किलोला नव्वद राहतात. १,२०० वर १ लाख ८ हजार, आणि हा खरा नफा, आईचा-वहिनीचा आणि कामाला लावलेल्या बायकांचा पगार देऊन झाल्यावरचा. काही जुनी गिऱ्हाइकं कुरकुर करतील, दहा-पंधरा घरं जातीलही, जाऊ देत. नियमित घेणाऱ्यांना आधीच मेसेज कर की यंदा भाव एवढा, आणि बुकिंग जानेवारीतच, निम्मे पैसे आगाऊ. आपल्याकडे वर्षाचा मसाला एकदम भरून ठेवायची पद्धत आहेच, लोकांना उन्हाळ्यात मसाला घ्यायची सवय आहे, ती वापर. १,२०० किलोचं निम्मं आगाऊ आलं तर साडेचार लाखांच्या वर जमतात, मिरची त्यातच येते, बँकेकडे जायची गरज नाही. उलट बुकिंग ७०० किलोचंच आलं तर ७०० किलोच करा. बाजारानं सांगितलेला आकडा तोच खरा.

कर्ज-सबसिडीचं पुढच्या वर्षी बघ, स्वतःचा डंक किंवा पॅकिंगची मशीन घ्यायची वेळ आली की. पीएमएफएमई नावाची केंद्राची योजना २०२० मध्ये सुरू झाली, चालू असलेल्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के घालायचे. पैसे रोख हातात येत नाहीत, कर्जाला जोडलेले असतात. आपल्याकडे ती कृषी खात्यामार्फत चालते, साताऱ्याच्या जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन अर्ज घेणं चालू आहे का ते विचार. पीएमईजीपी ही केंद्राची दुसरी कर्ज-सबसिडीची योजना लोक सुचवतील, पण ती नव्या उद्योगांसाठी आहे, अठरा वर्षं चालत आलेला धंदा नवा आहे असं दाखवायच्या भानगडीत पडू नका. तासवड्याच्या एमआयडीसीत शेड बघायला जायचं असेल तर सहल म्हणून जा, ॲडव्हान्स देऊ नकोस.

ट्रेडमार्क मात्र आत्ता. लोगो तयार आहे म्हणालीस ना, मग छापायच्या आधी ट्रेडमार्कच्या साइटवर ते नाव आणखी कुणाचं आहे का ते शोध. मसाल्यासाठी वर्ग ३०, व्यक्तीच्या किंवा छोट्या उद्योगाच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला तर फी ४,५०० रुपये. अर्ज आईच्या नावानं. तुझ्या नाही, दादाच्या नाही. आडनाव ब्रँडमध्ये घालू नका, आज घरात गोडी आहे, उद्या चुलतभाऊ त्याच आडनावानं मसाला काढेल तेव्हा कोर्टात सगळेच आडनाववाले असतील.

कंपनी म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड, आत्ता नको. साधारण नऊ लाखांच्या विक्रीला ऑडिट आणि दरवर्षीचे फॉर्म परवडत नाहीत. यंदा आई मालक, बाकी सगळे पगारी, तूसुद्धा. एक सीझन नीट गेला की आई, वहिनी आणि तू अशी भागीदारी कर, करारनामा लेखी, फर्म रजिस्टर करून. त्यात लिहा की कुणी किती वेळ द्यायचा, कुणी बाहेर पडलं तर काय, आणि आईला काम थांबवावंसं वाटलं तर तिला दर महिन्याला काय मिळेल. हे शेवटचं कलम आधी लिहा, बाकी मग.

राहिली तुझी नोकरी. सोडू नकोस, निदान हा सीझन होईपर्यंत. तुझ्या पगारातून धंद्यात पैसे घालू नकोस हेही सांगते, घातलेस की भाव कमी ठेवायचा मोह होतो. त्यापेक्षा मार्चमध्ये दोन आठवडे रजा टाक आणि घरी जा, लॅपटॉप पुण्यात ठेवून. पहाटे आईबरोबर उठ, देठ खुड, मिरची उन्हात घाल, ठसक्यानं डोळे लाल होईपर्यंत डंकावर उभी राहा. आणि किती तास झाले ते लिहून ठेव, कारण मी वर धरलेले तास माझ्या अंदाजाचे आहेत, तुझे खरे असतील, मग ६३४ चा आकडाही बदलेल आणि त्याप्रमाणे भावही बदलावा लागेल.

मला मसाला भेट म्हणून पाठवू नकोस, पाठवशील म्हणून आधीच सांगते. माझं बुकिंग लिहून घे, दोन किलो, तिखट जरा जास्त. निम्मे पैसे आत्ता पाठवते, आईच्या खात्याचा कोड आला की.